स्कॉटलंडचे राष्ट्रीयत्व आणि स्वायत्ततेची मागणी



पेशवाई इंग्रजांनी बुडविली असे आपण शाळेत असल्यापासून वाचीत आलो आहो. पण ती बुडविण्याच्या कामी जे पुढे होते ते मूळचे कोठले, हे सहसा कोणी विचारीत नाही. पुण्याचे रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे स्कॉटिश. १८१८ च्या जून महिन्यात आठ लाखांच्या तनख्यावर दुसऱ्या बाजीरावाला शरण यावयास लावणारे सर जॉन माल्कम हेही स्कॉटिश. आणि १८१९ पासून १८३० पर्यंत मुंबई इलाख्याची गव्हर्नरी लागोपाठ केली ती याच दोघांनी. साताऱ्यास राहून मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटिश. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन, ज्यांचे नाव पुण्याच्या कॉलेजला मिळाले ते सर जेम्स फर्ग्युसन, काँग्रेसचे दोनदा अध्यक्ष झालेले सर विल्यम वेडरबर्न, हे सारे स्कॉटिशच. आणि आपण त्या सर्वांना एकजात ‘इंग्रज’ म्हणून मोकळे झालो.

यात आपलाच दोष होता असे नाही. परमुलखात वावरताना ‘ब्रिटिश’ म्हणवून घेणे त्यांना सोयीचे होते. घरी परतल्यावर ते पुन्हा स्कॉटिश होत. ही दुहेरी ओळख दोनअडीचशे वर्षे विनातक्रार चालली. मग गेल्या साठसत्तर वर्षांतच असे काय घडले, की २०१४ साली तेथील जवळजवळ निम्म्या मतदारांनी हे लग्न मोडावे असे मत दिले? आज आम्हांस याच प्रश्नाचा थोडा विचार आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आरंभीच एक अडचण दूर केली पाहिजे. राष्ट्र किंवा प्रांत म्हटला की आपल्या मनात पहिली गोष्ट येते ती भाषा. आपले राज्यच भाषेच्या पायावर उभे आहे. त्यासाठी माणसे मेली आहेत. तेव्हा स्कॉटलंड हे वेगळे राष्ट्र असेल तर त्याची वेगळी भाषा असलीच पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. पण ही मोजपट्टी तेथे नेली की हाती काही लागत नाही. डोंगराळ प्रदेशाची जुनी गेलिक भाषा २०११ च्या जनगणनेत बोलणारे जेमतेम सत्तावन हजार होते, म्हणजे शेकडा एकाच्या आसपास. सखल भागातील ‘स्कॉट्स’ ही इंग्रजीची सख्खी बहीण. ती बोलणारे त्याच जनगणनेत सुमारे पंधरा लाख निघाले, पण तिला भाषा म्हणावे की बोली, यावर तेथेच एकमत नाही. कचेरी, वर्तमानपत्र, विद्यापीठ यांचे सर्व व्यवहार इंग्रजीत चालतात आणि स्वातंत्र्याची मागणीही इंग्रजीतच होते. म्हणजे या राष्ट्राला धरून ठेवणारी वस्तू भाषा नव्हे, दुसरी काहीतरी आहे. ती शोधावयाची तर १७०७ च्या करारापाशी जावे लागते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२९६ साली स्कॉटलंडवर स्वारी केली आणि ज्या शिळेवर स्कॉटिश राजांचा राज्याभिषेक होई ती उचलून लंडनला नेली. १३१४ साली बॅनकबर्नच्या रणात रॉबर्ट ब्रूसने इंग्रजांचा पराभव केला. १३२० साली स्कॉटिश सरदारांनी पोपला लॅटिनमध्ये एक पत्र धाडले. त्यात असा आशय आहे की आमचा हा राजाच उद्या इंग्रजांपुढे मान तुकवू लागला तर आम्ही त्याला काढून दुसरा करू. मध्ययुगात राजाला असे बजावणे लहानसहान गोष्ट नव्हे. मग १६०३ साली नवलच घडले. इंग्लंडची राणी एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स हाच वारसाहक्काने इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. जिंकून जे साधले नाही ते वंशावळीने साधले, पण उलट्या दिशेने! राजा एक झाला. पार्लमेंटे मात्र दोनच राहिली, आणि पुढची शंभर वर्षे तशी राहिली.

आता करार. १६९५ साली स्कॉटलंडने स्वतःची एक व्यापारी कंपनी काढली, आणि पनामाच्या संयोगभूमीवर डॅरिएन येथे वसाहत करण्याचे साहस हाती घेतले. या एका कामासाठी स्कॉटलंडात चार लाख पौंडांची वर्गणी जमली. सरदारांनी घातली, तशीच लहान लहान गावांनी आणि दुकानदारांनीही घातली. १६९८ साली सुमारे बाराशे माणसे गलबतांतून निघाली. तिकडे ताप, उपासमार आणि स्पॅनिश फौज यांनी त्यांची दाणादाण केली. मागून गेलेल्या तुकडीचेही तेच झाले. इंग्लंडच्या वसाहतींना त्यांना मदत न करण्याचा हुकूम होता. १७०० पर्यंत सारे आटोपले. घराघरांतला पैसा बुडाला होता.

अशा स्थितीत लंडनहून एकीकरणाचा प्रस्ताव आला, आणि त्याबरोबर धमकीही आली. १७०५ च्या एका कायद्याने इंग्लंडने सांगितले की बोलणी करा, नाही तर स्कॉटिश लोकांना इंग्लंडात परके मानू आणि त्यांचे कापड, कोळसा व गुरे येऊ देणार नाही. बोलणी झाली. पंचवीस कलमांचा करार ठरला. त्यात स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड व काही शिलिंग द्यावयाचे होते. त्याचा मोठा भाग डॅरिएनच्या भागीदारांची नुकसानभरपाई म्हणून होता, आणि ते भागीदार पार्लमेंटातही बसलेले होते. गावोगावचे अर्ज विरुद्ध येत होते, एडिंबरोच्या रस्त्यांत दंगे होत होते. तरी १७०७ च्या जानेवारीत एडिंबरोच्या पार्लमेंटाने सुमारे चाळीस मतांच्या आधिक्याने स्वतःलाच मूठमाती दिली. १ मे १७०७ रोजी एकीकरण अमलात आले. (१ मे ही तारीख आपल्यालाही निराळ्या कारणाने आठवते. तिकडे त्या दिवशी एक विधिमंडळ मिटले, इकडे १९६० साली एक राज्य उभे राहिले. योगायोगापलीकडे यात काही नाही.) नव्या पार्लमेंटाच्या लोकसभेत स्कॉटलंडला ४५ जागा मिळाल्या; इंग्लंड व वेल्स यांच्या ५१३ होत्या.

ही संमती होती की सौदा होता? स्कॉटलंडात आजही यावर कडाक्याचा वाद चालतो. आमच्या मते ती दोन्ही होती, आणि इतिहासातील बहुतेक करार असेच असतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने पैशापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की त्या सौद्यात स्कॉटिश वाटाघाटवाल्यांनी काय राखले. त्यांनी आपला कायदा आणि आपली न्यायालये राखली. त्यांनी आपली प्रेस्बिटेरियन चर्चसंस्था राखली. शाळा व विद्यापीठेही त्यांच्याच हाती राहिली. इंग्लंडात त्या वेळी विद्यापीठे दोन, आणि या गरीब देशात सेंट अँड्रूज, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन, एडिंबरो अशी चार गावे विद्यापीठांची. प्रत्येक परगण्यात शाळा असावी असा कायदा स्कॉटिश पार्लमेंटाने १६९६ मध्येच केला होता. म्हणजे पार्लमेंट गेले, पण माणसाचे बारसे, शिक्षण, लग्न, खटला आणि मर्तिक हे सर्व स्कॉटिश हातांतच राहिले. सामान्य माणसाला राज्य भेटते ते याच ठिकाणी.

या वेगळेपणाची एक गमतीची साक्ष सांगतो. १७५४ पासून इंग्लंडात एकवीस वर्षांखालील मुलामुलींना आईबापांच्या संमतीशिवाय लग्न करता येईना. स्कॉटिश कायद्यात ती अट नव्हती. तेव्हा इंग्रज प्रेमिकांच्या घोडागाड्या सरहद्द ओलांडून ग्रेटना ग्रीन नावाच्या पहिल्याच खेड्यात थांबू लागल्या, आणि तेथला लोहारदेखील ऐरणीपाशी उभे करून लग्ने लावू लागला. राजा एक, पार्लमेंट एक. पण ओढा ओलांडला की लग्नाचा कायदा दुसरा! आजही स्कॉटलंडच्या जूरीत पंधरा माणसे बसतात, इंग्लंडात बारा. ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ यांखेरीज ‘सिद्ध झाले नाही’ असा तिसरा निकालही तेथे शतकानुशतके चालत आला. तो रद्द करण्याचा कायदा २०२५ साली झाला, आणि तोही स्कॉटलंडच्याच पार्लमेंटाने केला.

पण करारात एक फट होती, आणि ती लवकरच दिसली. करार मोडला तर दाद कोणापाशी मागावयाची? दोन्ही करार करणारी पार्लमेंटे तर विसर्जित झालेली. उरले ते लंडनचे पार्लमेंट, जेथे एका बाजूला दहापट मते. १७१२ सालीच या पार्लमेंटाने स्कॉटिश चर्चमध्ये धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार मंडळीकडून काढून जमीनदारांना दिला. लोकांनी तो अन्याय सव्वाशे वर्षे सोसला आणि १८४३ मध्ये चर्च दुभंगले. चारशेंहून अधिक उपदेशक घर, पगार आणि देऊळ सोडून सभागृहातून उठून चालते झाले. त्याची लाट मुंबईपर्यंत आली: डॉ. विल्सन आणि कलकत्त्याचे डॉ. डफ यांनी बाहेर पडणाऱ्यांचीच बाजू घेतली. विल्सनसाहेबांच्या नावाने चालणाऱ्या कॉलेजाच्या इतिहासात १७०७ च्या कराराचा असा एक धागा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मग ह्या लोकांनी त्याच वेळी स्वराज्य का मागितले नाही? कारण त्यांचे बरे चालले होते. हे आपण हिंदी लोकांनी तर स्पष्टच म्हटले पाहिजे. ग्लासगो तंबाखूवर श्रीमंत झाले, आणि त्या तंबाखूमागे गुलामांचे श्रम होते. जमेकातील मळ्यांत स्कॉटिश मालक व मुकादम होते. डंडी शहर बंगालच्या तागावर उभे राहिले. कंपनीच्या नोकऱ्यांत आणि फौजेत स्कॉटिश माणसांचा भरणा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने पुष्कळच जास्त होता. आज काही उत्साही राष्ट्रवादी स्कॉटलंडला ‘इंग्लंडची पहिली वसाहत’ म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. स्कॉटलंड साम्राज्याचा भागीदार होता; आणि भागीदाराला तक्रार करता येते, पण ती गुलामाची तक्रार नव्हे. हा भेद ध्यानात ठेवावा. शेवटी न्यायालयातही तोच आडवा आला.

डोंगराळ मुलखाची कथा मात्र निराळी आणि दुःखाची आहे. १७४६ च्या एप्रिलात कलोडनच्या माळावर पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने लढणाऱ्या डोंगरी टोळ्यांचा धुव्वा उडाला. त्यांचा तो चौकड्यांचा पोषाख कायद्याने बंद झाला, तो १७८२ पर्यंत. पुढे मेंढरांसाठी जमिनी मोकळ्या करावयाच्या म्हणून जमीनदारांनी खेडीच्या खेडी उठविली. लोक कॅनडाला गेले. हे उठविणारे जमीनदार पुष्कळसे स्कॉटिशच होते, हेही सांगितले पाहिजे. आणि डोंगर रिकामे झाले तसतसा डोंगरी पोषाख शहरांत प्रतिष्ठित झाला. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा असा थाट केला की सखल भागातील वकील नि व्यापारी, ज्यांचे आजे या डोंगरी लोकांच्या नावाने थरथर कापत असत, ते घागरा नेसून मिरवू लागले. खुद्द राजानेही तो नेसला. संस्कृतीचा वारसा पुष्कळदा असाच, धन्याला हुसकून मग त्याच्या वस्तूंवर प्रेम करून, मिळविलेला असतो.

या वेशभूषेचा वीट आलेल्या लोकांनी विसाव्या शतकात खरे सांस्कृतिक पुनरुज्जीवन आरंभिले. त्याचा एक मूळपुरुष आपल्या ओळखीचा आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचे पहिले अध्यापक म्हणून आलेले, आणि प्रा. घुर्ये यांच्या आधीचे, ते पॅट्रिक गेडिस. एडिंबरोच्या जुन्या गल्ल्यांतील पडकी घरे दुरुस्त करून त्यांनी तेथे विद्यार्थी राहावयास नेले, आणि १८९५ साली एक नियतकालिक काढून स्कॉटिश नवजागृतीची हाक दिली. तीस वर्षांनी ह्यू मॅकडिअर्मिड हा कवी आला. त्याने बोलीत पडलेल्या स्कॉट्स भाषेला जुन्या कोशांतील शब्दांची जोड देऊन १९२६ साली एक प्रचंड दीर्घकाव्य लिहिले. गृहस्थ मोठा भांडखोर. राष्ट्रीय पक्षाने त्याला कम्युनिस्ट म्हणून काढले आणि कम्युनिस्ट पक्षाने राष्ट्रवादी म्हणून काढले. त्याचाच मित्र एडविन म्यूर याने १९३६ साली लिहिले की स्कॉटिश लेखकाला इंग्रजीवाचून तरणोपाय नाही, आणि मैत्री तुटली. हा वाद मिटलेला नाही. २०२५ साली एडिंबरोच्या पार्लमेंटाने गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना कायद्याने अधिकृत दर्जा दिला. पण तेथे राज्य आधी आले आणि मग राज्याने भाषेची विचारपूस केली. आपल्याकडे भाषेने राज्य मागितले. दोन प्रवासांची दिशा उलट आहे.

आता राजकारणाकडे वळू. स्कॉटिश ‘होमरूल’ची संस्था १८८६ साली निघाली. तिच्या लंडन शाखेचे तरुण चिटणीस होते रॅम्से मॅकडोनल्ड. होय, तेच; ज्यांच्या १९३२ च्या जातीय निवाड्यामुळे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना उपोषण करावे लागले आणि पुणे करार झाला. हे गृहस्थ पुढे दोनदा मुख्य प्रधान झाले, पण स्कॉटलंडचे होमरूल काही त्यांच्या हातून झाले नाही. १९१३ साली होमरूलचे एक विधेयक दुसऱ्या वाचनापर्यंत पोचले होते. पुढच्या वर्षी महायुद्ध आले. १९३४ साली दोन लहान पक्षांच्या मीलनातून आजचा स्कॉटिश नॅशनल पक्ष जन्मला, आणि तीसएक वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

लक्ष दिले ते दुसऱ्याच एका प्रकाराकडे. १९५० च्या नाताळच्या पहाटे चार विद्यार्थ्यांनी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत शिरून ती १२९६ ची शिळा पळविली. ओढताना तिचे दोन तुकडे झाले. तीन-साडेतीन महिन्यांनी ती अर्‌ब्रोथच्या पडक्या मठात, म्हणजे पोपच्या पत्राचे नाव ज्या गावाशी जोडलेले आहे तेथेच, ठेवलेली सापडली. कोणावर खटला झाला नाही. (१९९६ साली ती सरकारनेच स्कॉटलंडला परत दिली, २०२४ पासून ती पर्थच्या संग्रहालयात आहे.) त्या चौघांतला इअन हॅमिल्टन आणि पुढारी जॉन मॅकॉर्मिक यांनी १९५३ साली एक विलक्षण दावा गुदरला. नवी राणी स्वतःस ‘दुसरी एलिझाबेथ’ म्हणवीत होती. त्यांचे म्हणणे, पहिली एलिझाबेथ ही इंग्लंडची राणी. स्कॉटलंडवर आणि संयुक्त राज्यावर एलिझाबेथ नावाची कोणी राणी झालेलीच नाही. मग ही दुसरी कशी? तिकडे एडिंबरोत राणीच्या नावाचे अक्षर असलेली एक नवी टपालपेटी कोणी सुरुंगाने उडवून दिली होती. तेव्हापासून स्कॉटलंडातील नव्या पेट्यांवर ते अक्षर घालीत नसत, नुसता स्कॉटिश मुकुट असे.

दावा फेटाळला गेला. पण निकाल देताना स्कॉटलंडचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड कूपर एक गोष्ट बोलून गेले. पार्लमेंट अनियंत्रित सार्वभौम आहे हे तत्त्व खास इंग्लंडचे आहे, स्कॉटलंडच्या राज्यघटनाशास्त्रात त्याला आधार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. श्रोतेहो, टपालपेटीपेक्षा मोठा सुरुंग हा आहे. इंग्लंडचा सिद्धांत असा की लंडनचे पार्लमेंट काहीही करू शकते. स्कॉटलंडचा जुना समज असा की अधिकार लोकांकडून येतो, आणि १७०७ चा करार पार्लमेंटालाही बांधतो. एकाच राज्यात राज्याच्या मुळाविषयी दोन मते नांदत आहेत, आणि त्यांचा निवाडा करणारा लेखी ग्रंथ नाही. आपली घटना लिहिलेली आहे. त्यामुळे आपली भांडणे निदान कलमावर बोट ठेवून होतात.

हे सारे पंडितांपुरते राहिले असते. त्याला धार आली ती पोटाच्या प्रश्नाने. साम्राज्य आटोपले, क्लाइड नदीवरचे जहाजांचे कारखाने, कोळसा, पोलाद ही कामे बसू लागली. १९६७ साली हॅमिल्टन मतदारसंघातील पोटनिवडणूक राष्ट्रीय पक्षाच्या विनी यूइंग यांनी जिंकली. १९७० साली उत्तर समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला, आणि तेल स्कॉटलंडचे आहे ही घोषणा निघाली. मॅक्रोन या सरकारी अर्थशास्त्रज्ञाने त्याच दशकात टिपण लिहून कळविले होते की या तेलाच्या जोरावर स्वतंत्र स्कॉटलंडची तिजोरी तुडुंब भरेल. ते टिपण गुप्त राहिले. बाहेर आले २००५ साली, तेलाचा भर ओसरू लागल्यावर. १९७४ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय पक्षाला शेकडा तीस मते आणि अकरा जागा मिळाल्या. मजूर सरकार हादरले आणि एडिंबरोस एक मर्यादित विधिमंडळ देण्याचा कायदा झाला.

या कायद्यात घातलेली एक अट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. लोकांचे मत घ्यावयाचे ठरले. तेव्हा लंडनच्या एका मतदारसंघातून निवडून आलेल्या, पण जन्माने स्कॉटिश अशा जॉर्ज कनिंगहॅम या मजूर सभासदाने उपसूचना आणली: बहुमत पुरे नाही, एकूण मतदारांपैकी शेकडा चाळीस जणांनी होकार दिला पाहिजे. १ मार्च १९७९ रोजी मतदान झाले. होकार ५१.६ टक्के, नकार ४८.४ टक्के. पण एकूण मतदारांशी प्रमाण काढता होकार पडला ३२.९ टक्के. म्हणजे जो घरी बसला तो विरुद्ध मोजला गेला! मागणी फेटाळली. चिडलेल्या राष्ट्रीय पक्षाच्या अकराही सभासदांनी त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारविरुद्ध मत दिले. सरकार एका मताने पडले. नाताळ लवकर यावा म्हणून टर्की कोंबड्यांनीच मत दिले, अशी कोटी मुख्य प्रधान कॅलहन यांनी केली. ती खरीही ठरली, कारण पुढल्या निवडणुकीत अकराचे दोनच उरले आणि मार्गारेट थॅचर आल्या.

स्कॉटिश स्वायत्ततेसाठी सर्वांत अधिक काम कोणी केले असेल तर ते थॅचरबाईंनी, असे गमतीने म्हणतात; आम्हांस ते गमतीचे वाटत नाही. स्कॉटलंड मते देई मजूर पक्षाला आणि राज्य येई हुजूर पक्षाचे. १९८७ साली स्कॉटलंडच्या ७२ जागांपैकी हुजूर पक्षाला अवघ्या दहा मिळाल्या. तरी डोईपट्टीचा नवा कर इंग्लंडच्या एक वर्ष आधी, १९८९ मध्ये, स्कॉटलंडवर बसला. राज्य आपल्या मतावर चालत नाही, ही गोष्ट मग वकिलाने समजावून सांगावी लागली नाही. ती दाराशी आलेल्या कराच्या कागदावर दिसत होती. १९८९ मध्ये पक्ष, चर्च, कामगार संघटना, नगरपालिका यांनी मिळून एक घटनापरिषद भरविली. करारात राखलेल्या त्या जुन्या संस्था अशा वेळी उपयोगी पडल्या. ११ सप्टेंबर १९९७ रोजी पुन्हा मतदान झाले. चाळीस टक्क्यांची अट या वेळी नव्हती; पण असती तरी अडले नसते. पार्लमेंट असावे म्हणणारे ७४.३ टक्के निघाले. १२ मे १९९९ रोजी १२९ सभासदांचे पार्लमेंट भरले आणि वडीलकीच्या मानाने पहिले भाषण करताना विनी यूइंग म्हणाल्या की १७०७ च्या मार्चमध्ये तहकूब झालेली सभा पुन्हा सुरू होत आहे. जणू मध्ये दुपारची सुट्टीच झाली होती!

या पार्लमेंटाची रचना आपल्याला सहज समजेल. आपल्या घटनेत केंद्राची यादी आहे, राज्याची आहे, सामाईक आहे, आणि उरलेसुरले अधिकार केंद्राचे. तेथे फक्त लंडनने राखलेल्या विषयांची यादी केली. परराष्ट्र, संरक्षण, चलन, आणि ‘दोन राज्यांचे एकीकरण’ हाही त्यातलाच एक विषय. यादीत नाही ते सर्व एडिंबरोचे. ऐकावयास उदार वाटते. पण त्याच कायद्यात एक वाक्य आहे की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा लंडनचा अधिकार याने कमी होत नाही. म्हणजे पुन्हा तीच १७१२ ची फट.

२०११ साली राष्ट्रीय पक्षाला १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या, आणि स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मत घेणे टळेना. २०१२ च्या ऑक्टोबरात एडिंबरोस करार होऊन लंडनने तो अधिकार तेवढ्यापुरता उसना दिला. १८ सप्टेंबर २०१४ रोजी मतदान झाले. मताचा अधिकार रहिवाशांना होता, वंशाला नव्हता. लंडनला राहणाऱ्या स्कॉटिश माणसाला मत नव्हते. पण अ‍ॅबर्डीनला नोकरीनिमित्त रीतसर राहणाऱ्या आपल्या मराठी माणसाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून होते. सोळा वर्षांच्या मुलांनाही होते. राष्ट्रवाद म्हटला की रक्त आणि जात यांची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी हे पाहावे. पंजाबातून आलेल्या पाकिस्तानी कुटुंबातील हमझा युसुफ २०२३ साली याच राष्ट्रीय पक्षाचे पुढारी आणि स्कॉटलंडचे प्रथम मंत्री झाले. शेकडा ८४.६ मतदान झाले, ४४.७ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने, ५५.३ विरुद्ध. विरुद्ध मत देणारे देशद्रोही नव्हते. चलन कोणते, पेन्शन कोण देणार, तेलाचा भाव पडला तर काय, या प्रश्नांना राष्ट्रीय पक्षाची उत्तरे कच्ची होती; आणि सरकारी खर्च तेथे माणशी सबंध देशाच्या सरासरीहून अधिक होतो, हेही लोकांना ठाऊक होते.

प्रकरण तेथे मिटले असते. पण २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचे ठरविले. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहावे म्हटले होते. बाहेर पडण्याच्या कायद्याला एडिंबरोच्या पार्लमेंटाने संमती नाकारली. कायदा २०२० मध्ये तरीही झाला. तेव्हा राष्ट्रीय पक्षाने दुसऱ्या मतदानाची मागणी केली, लंडनने ती नाकारली, आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला: निदान लोकमत आजमावण्यापुरते मतदान एडिंबरोला स्वतःच्या अधिकारात घेता येईल काय? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमताने ‘नाही’ असे सांगितले. न्यायपीठाचे अध्यक्ष लॉर्ड रीड स्वतः स्कॉटिश. स्वयंनिर्णयाचा आंतरराष्ट्रीय हक्क पुढे केला गेला होता; न्यायालयाने क्विबेकच्या जुन्या निकालाचा आधार घेऊन म्हटले की तो हक्क वसाहतीचा किंवा पारतंत्र्यात दडपलेल्या लोकांचा आहे, स्कॉटलंडची स्थिती तशी नाही. आम्ही मघाशी भागीदाराची गोष्ट सांगितली ती येथे आडवी येते. भागीदार होता म्हणून गुलामाचा दरवाजा त्याला बंद, आणि भागीदाराचा दरवाजा तर कोणी बसविलेलाच नाही.

हे एकीकरण राजीखुशीचे आहे असे लंडनचे पुढारीही म्हणतात; थॅचरबाईंनीही आपल्या आठवणींत मान्य केले की स्कॉटिश लोकांनी जावयाचेच ठरविले तर त्यांना अडविता येणार नाही. पण ते ‘ठरविणे’ कोणी, केव्हा आणि किती मतांनी मोजावयाचे? शेजारी पाहावे. १९९८ साली, ज्या वर्षी स्कॉटलंडचा कायदा झाला त्याच वर्षी, त्याच पार्लमेंटाने उत्तर आयर्लंडचाही कायदा केला. त्यात लिहिले आहे की संयुक्त राज्य सोडून आयर्लंडला मिळावे असे बहुमत होण्याचा संभव मंत्र्याला दिसला तर त्याने मतदान घेतलेच पाहिजे. तेथे तीस वर्षे बंदुका चालल्या होत्या. स्कॉटलंडात गोळी झाडली गेली नाही, नि स्कॉटलंडच्या कायद्यात असे कलम नाही. हा धडा कोणी कोणाला शिकविला नसता तर बरे झाले असते.

२०२४ च्या निवडणुकीत राष्ट्रीय पक्षाचे लंडनच्या पार्लमेंटातील सभासद ४८ वरून नवावर आले. त्याचा कारभार लोकांना आवडेनासा झाला होता, आणि त्या नाराजीला कारणेही होती. परंतु स्वातंत्र्य हवे की नको, असे विचारले असता येणारा कौल २०१४ नंतरच्या दहा वर्षांत पन्नास टक्क्यांच्या थोडा अलीकडे किंवा थोडा पलीकडे असाच घुटमळत राहिला. तरुणांत होकार अधिक, वृद्धांत नकार अधिक. लंडनचे उत्तर असे की पिढीत एकदाच मत घ्यावयाचे हे २०१४ साली तुम्हीच म्हणाला होता. उत्तर आयर्लंडच्या कायद्यात एक मतदान झाल्यावर दुसऱ्यापूर्वी निदान सात वर्षे जावीत असे आकड्याने लिहिलेले आहे. स्कॉटलंडसाठी पिढी किती वर्षांची, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही.